गोळीची पॉवर वाढवण्याआधी गोळीची वेळ तपासा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणाऱ्याला काही वाक्यं पाठ होऊन जातात. "ही गोळी लागू पडत नाही, जरा जास्त पॉवरची द्या" हे त्यातलं पहिलं. झोपेच्या बाबतीत तर हमखास. पट्टी हातात घेऊन दोन-चार प्रश्न विचारले की बहुतेक वेळा कळतं, औषध ठीक आहे, घेण्याची वेळ उलटी आहे. हाच घोळ पुन्हा पुन्हा निस्तरून माझा एक क्रम ठरून गेला आहे. आधी फुकटातलं तपासायचं, मग थोड्या कष्टाचं, आणि जिथे आपलं काम संपतं तिथून डॉक्टरांकडे पाठवायचं. मी फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीवरचं औषध बंद करा किंवा मात्रा बदला, असं मी काउंटरवर सांगत नाही आणि इथेही सांगणार नाही. वेळ बदलायची असेल तरी लिहून देणाऱ्याला एक फोन करायचाच.

लक्षणं

यातलं एक जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

- रात्री ११ वाजता अंथरुणावर पडता, डोळा लागायला २ वाजतात. सुटीच्या दिवशी मात्र सकाळी १० पर्यंत गाढ झोप.
- संध्याकाळी साडेसातलाच पेंग येते आणि पहाटे ३ वाजता टक्क जाग. साठीच्या पुढे ही तक्रार जास्त.
- झोप लागते, पण लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं.
- नवं औषध सुरू झालं आणि त्याच आठवड्यात झोप उडाली, किंवा भलतीसलती स्वप्नं पडायला लागली.
- मेलाटोनिन (रात्र झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, गोळीच्या रूपात) घेऊनही कूस बदलत राहता आणि सकाळी डोकं जड.
- थायरॉइडची गोळी एक दिवस चुकत नाही, तरी टीएसएच, म्हणजे रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा, खाली यायचं नाव घेत नाही.
- कामाची पाळी (शिफ्ट) बदलली की झोप, पित्त, शुगर सगळंच बिघडतं.

वरवर पाहता या सात वेगळ्या तक्रारी आहेत, पण मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट निघते. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. दिवस आणि रात्र कधी, हे तो ठरवतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर रोज वेळ जुळवून घेतो. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं यांच्या पेशींतही अशीच २४ तासांच्या आसपासची चक्रं फिरतात. ही चक्रं पेशीत कशी चालतात ते फळमाशीवर उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या कामापुरता अर्थ असा: कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी भरपूर आणि मध्यरात्री नावापुरतं असतं, यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं, दमा पहाटे ४ च्या सुमारास बळावतो. तीच गोळी सकाळी आणि रात्री सारखीच वागेल असं गृहीत धरता येत नाही.

तपासणी १: दोन आठवड्यांची नोंद

खर्च शून्य. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकटीत चार आकडे लिहा: अंथरुणावर किती वाजता पडलात, अंदाजे डोळा कधी लागला, मध्ये किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलात. सुटीच्या दिवसांना गोल करा. गोळ्यांचीही वेळ लिहा. "सकाळी", "रात्री" असं मोघम नको, घड्याळातली वेळ. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दाखवून लोक "डीप स्लीप"चे आकडे सांगतात, ते मी विचारतच नाही. झोपला कधी, उठला कधी हे ते बऱ्यापैकी टिपतं. झोपेचे टप्पे सांगण्यात तितकं भरवशाचं नाही.

ही नोंद टाळून पुढे जाऊ नका, कारण सगळा निवाडा तिच्यावर आहे. बघायचं ते असं. गजर न लावता, अंगाला हवं तेव्हा झोपू दिलं, तर झोप सलग होते का आणि उठल्यावर तरतरी येते का? येत असेल तर झोप शाबूत आहे, फक्त शरीराचं आतलं घड्याळ सरकलं आहे, आणि पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत. कितीही वाजता झोपलात, आठ-नऊ तास पडून राहिलात, तरी झोप तुटक आणि अंग मोडलेलं, तर वेळेच्या मागे लागण्यात आठवडे घालवू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

तपासणी २: चिठ्ठी आणि पट्टी

आपल्याकडे चिठ्ठीवर १-०-१ लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ८ आणि ८ असतात. घेणारा उशिरा उठणारा असेल तर पहिली गोळी ११ वाजता आणि दुसरी जेवणाबरोबर ७ वाजता. आणि चाकणकडे रात्रपाळी करणारा सकाळी ८ वाजता, डोळे लाल, हातात पट्टी घेऊन विचारतो, "भाऊ, सकाळची म्हणजे आता झोपायच्या आधीची, का संध्याकाळी उठल्यावरची?" प्रश्न बिनतोड आहे. चिठ्ठीत त्याचं उत्तर नसतं. वाचता न येणाऱ्या आजींना मी पट्टीवर मार्करने सूर्य-चंद्र काढून देतो. या गड्याला सूर्य-चंद्राचा काय उपयोग! डॉक्टरांना फोन लावून त्याच्या पट्टीवर "उठल्यावर" किंवा "झोपताना" असं लिहावं लागतं.

घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा आणि ही औषधं शोधा.

प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळी चढतं, म्हणून दिवसाची एकच गोळी असेल तर ती साधारणपणे सकाळी नाश्त्यानंतर देतात. रात्री घेतली तर झोप उडते आणि शरीराचं स्वतःचं उत्पादनही जास्त दबतं. दोनदा लिहिली असेल तर दुसरी दुपारी घेतली तर चालेल का, ते विचारा. झोप येत नाही म्हणून स्टिरॉइड एकदम सोडून देणं मात्र धोक्याचं आहे.

पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी. फ्रुसेमाइडचा असर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. रात्री ९ ला घेतली की पहाटे ३ पर्यंतच्या फेऱ्या ठरलेल्या. १-०-१ असेल तर दुसरी गोळी बहुतेकदा दुपारी २ ते ४ च्या दरम्यान नेता येते. पायांवर सूज असणाऱ्यांना तर याचा दुहेरी फायदा होतो: दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीला लावतं; दुपारची गोळी त्यातलं बरंचसं आधीच काढून टाकते. माझ्याकडे सगळ्यात लवकर सुटणारी तक्रार हीच. शुगरची डापाग्लिफ्लोझिनही लघवी वाढवते, पण तिचा असर दिवसरात्र राहतो. तिची वेळ बदलून फार पदरात पडत नाही.

दम्यासाठीची डेरिफायलिन आणि तिच्या बहिणी. यातलं थिओफायलिन कॅफिनच्याच कुळातलं, झोप उडवतंच. पण इथे घाई नको. दमा पहाटे बळावतो म्हणून डॉक्टरांनी रात्रीचा डोस मुद्दाम दिलेला असू शकतो. झोपेसाठी तो पुढे-मागे केला आणि पहाटे धाप लागली तर दवाखाना गाठावा लागेल.

प्रोप्रानोलोल, मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल. बीपी-हृदयासाठीची ही औषधं मेंदूतून रात्री सुटणारं मेलाटोनिन कमी करतात. कुणाकुणाला वाईट स्वप्नं पडतात. स्वतः बंद करायची नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. डिप्रेशनसाठीच्या फ्लुओक्सेटिनने एखाद्याची झोप उडते, तिथे ती सकाळी देतात. दमा-अॅलर्जीची मॉन्टेलुकास्ट सुरू झाल्यावर भयानक स्वप्नं किंवा स्वभावात एकदम बदल दिसला, विशेषतः मुलांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सर्दीच्या काही गोळ्यांतलं नाक मोकळं करणारं औषधही जागं ठेवतं.

थायरॉइडची गोळी झोपेशी थेट संबंधित नाही, पण वेळेच्या गोंधळाचा नमुना म्हणून तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. "उपाशीपोटीच घेते हो," असं सांगणाऱ्या मावशींना "मग चहा कधी?" असं विचारायचं. "लगेच. गोळी चहाबरोबरच गिळते." झालं! ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली गोळीही चांगली लागू पडते, असं अभ्यासांत दिसलं आहे. डॉक्टरांशी बोलून एक वेळ पक्की करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा. त्याआधी मात्रा वाढवून घेण्यात अर्थ नाही.

आता बीपीची गोळी. "रात्रीच घ्या, हार्ट अटॅक निम्म्यावर येतात" असा निरोप व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो. त्याच्या मागे २०१९ चा एक स्पॅनिश अभ्यास आहे. पण नंतर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाइम नावाच्या चाचणीत सकाळ आणि रात्र यांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: जी वेळ विसरणार नाही ती घ्या. बीपीच्या गोळीत पाण्याची गोळी मिसळलेली असेल तेवढी सकाळी बरी. कोलेस्टेरॉलचंही तसंच. सिमवास्टॅटिनचा असर लवकर ओसरतो म्हणून ती रात्री. अॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन कधीही चालतात. कोणत्या वेळी कोणतं इंद्रिय "काम करतं" याचे रंगीत तक्ते फिरतात, ते बघून गोळ्यांच्या वेळा ठरवू नका.

तपासणी ३: चहा आणि जेवण

कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. काहींना तीन, काहींना सात, गरोदरपणात त्याहून जास्त. संध्याकाळी ६ च्या कडक चहातलं निम्मं कॅफिन ११ वाजता अंगात असतं. "मला चहाने काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी दोन आठवडे दुपारी २ नंतर चहा-कॉफी बंद करून बघावं. नोंद आहेच, तीच सांगेल. रात्रीचं जेवण झोपेच्या निदान दोन-तीन तास आधी. पित्त हे कारण आहेच, शिवाय यकृताचं चक्र जेवणाच्या वेळेवरही चालतं.

तपासणी ४: उजेड

पैसे लागत नाहीत, पण शिस्त लागते, म्हणून लोक हीच पायरी गाळतात आणि गोळीवर उडी मारतात.

घरातल्या ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवसातही काही हजार, आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. आपल्या डोळ्यांना घरातला उजेड पुरेसा वाटतो, मेंदूतल्या घड्याळाला तो वाटत नाही. त्यात आपण देशाच्या पश्चिमेला. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरली आहे. मुंबई त्याच्या साडेनऊ अंश पश्चिमेला, म्हणजे इथे सूर्य सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी माथ्यावर येतो आणि जानेवारीत सूर्योदय ७ च्या पुढे. सकाळी ६ ची लोकल धरणारा, पुढे दिवसभर बंद ऑफिसात बसणारा माणूस हिवाळ्यात सकाळचं ऊन बघतच नाही, आणि रात्री मात्र तोंडासमोर मोबाइल.

उशिरा झोपणाऱ्याने उठल्यावर लगेच अर्धा तास बाहेर राहायचं. गच्ची, बाल्कनी, बसस्टॉप, काहीही चालेल. सूर्याकडे बघायचं नाही. रात्री झोपायच्या दोन तास आधी मोठे दिवे बंद, एखादा मंद दिवा पुरे.

इथे एक पेच आहे. उजेड घड्याळ अलीकडे ओढेल की पलीकडे ढकलेल, हे वेळेवर ठरतं. नेहमी ज्या वेळी आपोआप जाग येते, त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. त्या क्षणानंतरचा उजेड झोप अलीकडे आणतो, त्याआधीचा आणखी पुढे ढकलतो. पहाटे ४ ला झोपून दुपारी १२ ला उठणाऱ्या मुलाला "उद्यापासून ६ ला उन्हात जा" म्हटलं, तर त्याच्या शरीराच्या लेखी ती मध्यरात्र असते. झोप सुधारायच्या ऐवजी अजून उशिरा जाते, आणि आई-वडील त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. अशा वेळी सुरुवात दुपारी १२ पासूनच करायची आणि दर दोन-तीन दिवसांनी उठणं आणि उजेड अर्धा तास अलीकडे आणायचा.

पहाटे ३ ला जागे होणाऱ्या आजोबांचं बरोबर उलट. ते उठतात, दिवे लावतात, चहा करतात आणि उजाडताच फिरायला जातात. त्यांचा मॉर्निंग वॉकच घड्याळ आणखी अलीकडे ओढतो. फेरी संध्याकाळी ५ नंतर उन्हात न्यायची आणि पहाटे जाग आली तरी दिवा लावायचा नाही. सांगून बघा, पहिल्यांदा कुणी ऐकत नाही.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा दोन टोकांच्या मनःस्थितीचा, म्हणजे बायपोलर आजार असेल, तर १० हजार लक्सचा लाइट बॉक्स, म्हणजे तेज उजेडाचा दिवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. झोपेच्या वेळा आणि तेज उजेड यांच्या फेरफाराने बायपोलरमध्ये उन्मादाचा झटका येऊ शकतो.

तपासणी ५: मेलाटोनिन

हल्ली गमीसुद्धा मिळतात, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या. मेलाटोनिनला झोपेची गोळी समजून लोक अंथरुणावर पडताना घेतात. त्याने थोडी गुंगी येईल, घड्याळ फारसं हलणार नाही. शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन नेहमीच्या झोपेच्या सुमारे दोन तास आधी चढायला लागतं. घड्याळ अलीकडे आणायचं तर गोळी त्याच्याही आधी हवी: सध्या ज्या वेळेला डोळा लागतो त्याच्या चार ते सहा तास आधी, आणि मात्रा अर्धा-एक मिलिग्रॅम इतकी लहान. डोळा २ ला लागत असेल तर गोळी ९ च्या सुमारास. घेतल्यावर दिवे मंद. समोर टीव्ही आणि मोबाइल चालू असतील तर गोळी वाया. घेतल्यानंतर गाडी चालवायची नाही.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, मनोविकारांवरचं फ्लुवोक्सामिन, फिट्सची औषधं चालू असतील, गर्भारपण असेल, किंवा लहान मुलाला द्यायची असेल तर ही पायरी डॉक्टरांशिवाय नाही.

तपासणी ६: पाळी

कायम रात्रपाळी एकवेळ परवडते. दर आठवड्याला फिरणारी पाळी घड्याळाला जुळवूनच घेऊ देत नाही. माणसाचं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडं मोठं असतं, म्हणून झोप पुढे ढकलणं मागे ओढण्यापेक्षा सोपं जातं. पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने फिरल्या तर त्रास कमी. सुपरवायझरशी बोलता येत असेल तर हे एवढंच मागा. रात्री कामाच्या पहिल्या भागात भरपूर उजेड, चहा २ च्या आत, घरी खोलीत काळा जाड पडदा. आणि सकाळी बाइकला किक मारण्याआधी डोळे मिटत असतील तर कँटीनमध्ये वीस मिनिटं डोकं टेका.

इन्सुलिन किंवा शुगरची ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी पाळी बदलली म्हणून वेळा स्वतः बदलू नयेत. जेवण सरकलं आणि गोळी तिथेच राहिली की शुगर एकदम पडते. दोन्ही पाळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या.

तपासणी ७: झोपेची गोळी चालूच असेल तर

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. त्यातली अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम तर शेड्यूल एच-१ या जास्त कडक सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीवर दिली तरी रजिस्टरला नोंद करावी लागते. "शेजारच्या काकूंनी अर्धी दिली होती, छान झोप लागली" हे ऐकलं की पोटात गोळा येतो. झोल्पिडेम अंथरुणावर पडतानाच आणि पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यायची असते. २ वाजेपर्यंत वाट बघून, वैतागून घेतली आणि ६ ला उठलात तर सकाळचं जडपण तिचंच. म्हाताऱ्या माणसांत याच गुंगीत बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं. महिनोन्‌महिने रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. लिहून देणाऱ्याकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या, आणि निद्रानाशासाठी जे वर्तन-उपचार, म्हणजे सीबीटी, पहिल्यांदा करायला सांगतात त्याबद्दल विचारा. गोळी वाढवण्याच्या विनंतीला मी इथेच थांबवतो.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

वरचं सगळं तीन-चार आठवडे नीट करून फरक नाही, तर पुढे घरचे प्रयोग नकोत. आणि खालच्या गोष्टींत तर एक आठवडाही थांबू नका.

मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकताना घरच्यांनी पाहिलेलं, दिवसा गाडी चालवताना डुलकी: हा स्लीप अॅप्नियाचा संशय, स्लीप स्टडी लागेल. यात झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं. संध्याकाळनंतर पायांत वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही: रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घ्या. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, शेजारच्याला मारणं: मेंदूविकारतज्ज्ञ. आडवं पडल्यावर दम लागून उठून बसावं लागतं: हृदयाचा डॉक्टर, त्याच दिवशी. छातीत दाब, घाम, डावा हात जड: हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

पहाटे लवकर जाग, आणि त्या वेळी मन सगळ्यात काळवंडलेलं, कशातच रस नाही, हे बरेचदा डिप्रेशन असतं, त्याला मानसोपचारतज्ज्ञ. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. उलट, तीन-चार रात्री न झोपताही अंगात भलताच उत्साह, पैसे उधळणं, बडबड, हेही तितकंच तातडीचं. पूर्ण अंधत्व असलेल्यांची झोप दर काही दिवसांनी पुढे सरकत जात असेल तर तिचा उपचार वेगळा आहे, झोपेच्या तज्ज्ञांकडेच जावं.

डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयची ती दोन पानं आणि सगळ्या पट्ट्या एका पिशवीत न्या. काढे, चूर्णं, ऑनलाइन मागवलेल्या गमी यांच्यासकट. आत गेल्यावर "झोप येत नाही" एवढंच सांगू नका. "डोळा २ ला लागतो, मोकळं सोडलं तर १० पर्यंत छान झोप लागते" किंवा "कधीही झोपलो तरी उठल्यावर अंग मोडलेलंच", यातलं जे असेल ते पहिल्या वाक्यात सांगा.